थार, जिम्नीला लोखंडी बंपर लावावा का? कंपनीचा आणि बाहेरचा बंपर यांत नेमका फरक काय?

नवी थार, जिम्नी किंवा गुरखा घरी आली की पहिल्या महिन्याभरातच एक प्रश्न हमखास पडतो. कंपनीचा प्लास्टिकचा बंपर तसाच ठेवायचा, की काढून दणकट लोखंडी बंपर बसवायचा?

देवनारमध्ये राहणाऱ्या गाडीमालकाला तर हा मोह जास्तच. कुर्ल्याचा सीएसटी रोड जवळ आहे. तिथे सुट्या भागांची आणि अ‍ॅक्सेसरीजची दुकानं ओळीने आहेत. दुसऱ्या बाजूला मानखुर्दवरून वाशीचा खाडीपूल ओलांडला की पनवेल, कर्जत, खोपोली आणि पुढे घाटरस्ते. म्हणजे बंपर बसवायची सोय एका हाताला आणि तो वापरायची जागा दुसऱ्या हाताला.

पण या दोन्हींच्या मधला रोजचा रस्ता घाटकोपर-मानखुर्द लिंक रोडचा असतो. डंपर, रिक्षा, दुचाकी, रस्ता ओलांडणारी शाळेची मुलं, सगळं त्यावर एकाच वेळी चालू असतं. बंपर निवडताना डोंगरातल्या दगडाबरोबर या रस्त्याचाही विचार करावा लागतो. तो का आणि कसा करायचा, ते समजून घेऊ.

बंपर म्हणजे फक्त पुढचं प्लास्टिक नाही

आपण ज्याला बंपर म्हणतो ते बाहेरून दिसणारं प्लास्टिकचं कव्हर असतं. वाऱ्याला वाट देणं, दिवे आणि सेन्सर धरून ठेवणं, हलक्या धक्क्यात वाकून परत जागेवर येणं ही त्याची कामं. खरी ताकद त्याच्या मागे दडलेली असते.

कव्हरच्या मागे धातूचा एक आडवा बीम असतो. तो गाडीच्या दोन्ही बाजूंच्या लांब लोखंडी दांड्यांना, म्हणजे चेसीला जोडलेला असतो. बीम आणि चेसी यांच्यामध्ये किंवा चेसीच्या पुढच्या टोकाला असा भाग ठेवतात, जो जोराच्या धडकेत ठरवून चुरगळतो. काही गाड्यांत बीमसमोर फोमचा थरही असतो.

हा भाग कमजोर म्हणून चुरगळत नाही. त्याचं कामच ते आहे. धडकेची ऊर्जा कुठेतरी खर्ची पडावीच लागते. ती पत्रा दुमडण्यात गेली नाही, तर आत बसलेल्या माणसांच्या छाती-मानेपर्यंत पोहोचते.

लोखंडी बंपर लावल्यावर काय बदलतं?

एक साधं गणित करून पाहू. समजा गाडी ताशी ५६ किलोमीटर वेगाने भिंतीवर आदळली. भारतात नव्या कारची पुढच्या धडकेची सक्तीची चाचणी याच वेगाने होते. गाडीचा पुढचा भाग ६० सेंटिमीटर चुरगळून गाडी थांबली, तर आतल्या माणसाला सरासरी साधारण २० जी एवढा झटका बसतो. म्हणजे स्वतःच्या वजनाच्या वीसपट जोर.

आता समजा लोखंडी बंपरचे जाड ब्रॅकेट थेट चेसीला बोल्ट केल्यामुळे चुरगळायची जागा १० सेंटिमीटरने कमी झाली. मग थांबण्यासाठी ५० सेंटिमीटरच उरतात आणि तोच झटका जवळपास २५ जीवर जातो. प्रत्यक्ष धडकेत झटका असा एकसारखा नसतो, क्षणाक्षणाला बदलतो. पण दिशा हीच राहते: थांबायला जागा कमी, तर मार जास्त.

म्हणूनच अपघातानंतर “गाडीला ओरखडाही आला नाही” ही दर वेळी आनंदाची बातमी नसते. गाडीने मार खाल्ला नसेल, तर तो कोणी खाल्ला हा प्रश्न उरतो.

हलक्या धक्क्यात मात्र चित्र उलटं दिसतं. पार्किंगमध्ये खांबाला लागलं, मागून रिक्षाने टेकवलं, तर प्लास्टिक फुटतं आणि लोखंड टिकतं. लोकांना लोखंडी बंपर सुरक्षित वाटतो तो या रोजच्या अनुभवामुळे. पण ताशी ५ किलोमीटरला जे खरं असतं, ते ताशी ६० ला खरं राहतंच असं नाही.

एअरबॅग उघडत नाही, हे खरं आहे का?

बुल गार्ड लावला की एअरबॅग उघडतच नाहीत, असं सरसकट सांगितलं जातं. प्रत्यक्षातली गोष्ट थोडी वेगळी आहे.

एअरबॅग उघडायची की नाही, हे गाडीतला एक छोटा कॉम्प्युटर ठरवतो. गाडीचा वेग किती झपाट्याने कमी होतोय, हे तो सेन्सरवरून मोजतो. अनेक गाड्यांत काही सेन्सर अगदी पुढच्या भागात असतात. कोणत्या प्रकारच्या धडकेत वेग कसा घटतो याचे नमुने कंपनीने चाचण्या घेऊन त्यात भरलेले असतात. या सगळ्या चाचण्या मूळ बंपरसह झालेल्या असतात.

पुढे जड आणि कडक लोखंड आलं की हा नमुना बदलतो. एअरबॅग उशिरा उघडू शकते, नको तेव्हा उघडू शकते किंवा बरोबर वेळेवरही उघडू शकते. मुद्दा एवढाच, की यांपैकी काय होईल हे त्या बंपरसह गाडी आपटून पाहिल्याशिवाय कोणालाच सांगता येत नाही. गॅरेजवाल्यालाही नाही आणि गाडी बनवणाऱ्या कंपनीलाही नाही.

सुरक्षेच्या ‘स्टार’चंही तसंच. २०२० साली दुसऱ्या पिढीच्या थारला ग्लोबल एनकॅपमध्ये ४ स्टार मिळाले. थार रॉक्सला नोव्हेंबर २०२४ मध्ये भारत एनकॅपमध्ये ५ स्टार मिळाले. हे स्टार त्या दिवशी आपटलेल्या गाडीचे आहेत, म्हणजे कंपनीच्या बंपरसह असलेल्या गाडीचे. बंपर बदलला की त्या स्टारांचा तुमच्या गाडीशी असलेला संबंध सैल होतो.

समोरच्या माणसाचं काय?

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ लोकांचा मृत्यू झाला. त्यांपैकी ३२,८२५ पादचारी होते, तर ७४,८९७ जण दुचाकीवर होते. म्हणजे दर दहा मृतांपैकी सहापेक्षा जास्त जण असे, ज्यांच्याभोवती पत्र्याचं कवच नव्हतं.

आधुनिक कारचा पुढचा भाग याच लोकांचा विचार करून बनवला जातो. भारतात पादचारी सुरक्षेचं एआयएस-१०० हे मानक नव्या मॉडेल्सना ऑक्टोबर २०१८ पासून लागू झालं. त्यात पायाच्या आणि डोक्याच्या नमुन्यांनी बंपर-बोनेटची चाचणी घेतली जाते. प्लास्टिकचं कव्हर वाकतं, त्यामागे थोडी मोकळी जागा असते, बोनेट दबतं. या सगळ्यामुळे माणसाच्या हाडांवर येणारा जोर काही प्रमाणात कमी होतो.

लोखंडी पाइप वाकत नाही. शिवाय तो अनेकदा प्रौढ माणसाच्या मांडीच्या किंवा कमरेच्या उंचीवर येतो. शाळेतल्या लहान मुलाच्या बाबतीत तीच उंची छातीची किंवा डोक्याची असते. गोवंडी-देवनारच्या गर्दीच्या रस्त्यावर हा फरक कागदावरचा राहत नाही. ताशी २५-३० किलोमीटरला झालेल्या धडकेत समोरचा माणूस खरचटून उठतो की त्याची कंबर मोडते, हे पुढे काय लावलंय यावर अवलंबून असू शकतं.

“पूर्वीच्या जीपला लोखंडी बंपर असायचाच की!”

हो, असायचा. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत महिंद्राने मुंबईत माझगावला विलीस जीपची जुळणी सुरू केली. तेव्हापासून पुढची कित्येक दशकं जीपला पुढे लोखंडाची एक सरळ पट्टी असायची, थेट चेसीला बोल्ट केलेली. दोरी बांधा, ढकला, त्यावर उभे राहा, काही फरक पडायचा नाही.

पण त्या जीपला एअरबॅग नव्हती आणि ठरवून चुरगळणारा पुढचा भागही नव्हता. ती ताशी शंभरच्या वेगाने एक्स्प्रेस-वेवर धावण्यासाठी बनलेली नव्हती. तिचा बंपर तिच्या काळाच्या गरजेला बरोबर होता.

आजची थार दिसायला त्याच घराण्यातली आहे. थार, जिम्नी, गुरखा या तिन्ही गाड्या आजही स्वतंत्र चेसीवरच उभ्या आहेत. पण त्यांची सुरक्षा सगळ्या भागांच्या एकत्र हिशोबावर उभी असते. त्यातला एक भाग १९५० च्या पद्धतीचा लावला, की बाकीचा हिशोब चुकू शकतो.

कायदा काय सांगतो?

७ डिसेंबर २०१७ रोजी केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने सर्व राज्यांना पत्र पाठवलं. गाड्यांवर अनधिकृतपणे बसवलेले क्रॅश गार्ड आणि बुल बार हे मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ चं उल्लंघन आहे, त्यांच्यावर कडक कारवाई करा, असं त्यात सांगितलं होतं. पादचारी आणि गाडीतले प्रवासी, दोघांच्या सुरक्षेला त्यांचा धोका आहे, हे कारण दिलं होतं. त्यानंतर मुंबईसह अनेक शहरांत बुल बारवर कारवाई झाली आणि बऱ्याच मालकांनी ते स्वतःहून उतरवले.

कलम ५२ चा गाभा असा: निर्मात्याने मुळात दिलेल्या तपशिलापेक्षा नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील वेगळा होईल असा बदल मालकाने करू नये. ‘बदल’ म्हणजे गाडीच्या रचनेतला असा बदल, ज्याने तिचं मूळ वैशिष्ट्य बदलतं. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधल्या एका प्रकरणात हे कलम काटेकोरपणे लावलं आणि निर्मात्याच्या तपशिलाबाहेरचे बदल चालणार नाहीत, असा निकाल दिला.

त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती झाली. नव्या कलम १८२-अ नुसार परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं.

इथे विक्रेते एक पळवाट सांगतात: “हा बुल बार नाही, बंपर आहे. आरसी बुकमध्ये बंपरचा उल्लेखच नसतो.” कायद्यात ‘ऑफ-रोड बंपर’ असा शब्द नाही हे खरं. पण आरसीमध्ये गाडीचं रिकामं वजन नोंदवलेलं असतं. आणि बंपरवर पाइपची कमान असेल, तर नाक्यावरच्या पोलिसाच्या दृष्टीने तो बुल बारच असतो. ‘पकडत नाहीत’ आणि ‘चालतं’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

देवनारच्या गाड्यांची नोंदणी वडाळ्याच्या मुंबई पूर्व आरटीओकडे, म्हणजे एमएच-०३ मध्ये होते. शंका असेल तर बंपर विकत घेण्याआधी तिथे लेखी विचारणा करणं हा सर्वांत सरळ मार्ग.

विम्याचं काय होतं?

बहुतेकांच्या लक्षात न येणारा हा भाग आहे, आणि खिशाला सगळ्यात जास्त लागणाराही.

विमा घेताना गाडी कंपनीने दिलेल्या स्थितीत आहे, असं धरलेलं असतं. नंतर केलेला बदल विमा कंपनीला कळवणं ही मालकाची जबाबदारी आहे. पॉलिसीवर ‘नॉन-इलेक्ट्रिकल अ‍ॅक्सेसरीज’ असा वेगळा रकाना असतो. बाहेरून बसवलेल्या वस्तूची किंमत तिथे दाखवून त्याचा हप्ता भरावा लागतो. नोंद नसेल तर अपघातात त्या बंपरचे पैसे मिळत नाहीत. नुकसान त्या बदलामुळे वाढलं असं सर्व्हेअरला वाटलं, तर बाकीच्या दाव्यावरूनही वाद होऊ शकतो.

कंपनीच्या प्लास्टिक बंपरबाबतही एक गोष्ट माहीत असू द्या. साध्या सर्वसमावेशक पॉलिसीत प्लास्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा कापला जातो. म्हणजे बंपर बदलला तर भागाची निम्मी किंमत तुमच्या खिशातून जाते. ‘झीरो डेप’ घेतलेलं असेल तर ही कपात होत नाही. “प्लास्टिक बंपर परवडत नाही” या तक्रारीवर लोखंडापेक्षा स्वस्त आणि निर्धोक उत्तर अनेकदा हेच असतं.

मग बाहेरच्या बंपरचा काही उपयोगच नाही का?

आहे. पण तो नेमका कशासाठी, हे कळायला हवं.

*चढाचा कोन.* समोर उंचवटा आला की पुढची चाकं त्यावर चढण्याआधी बंपर घासू नये लागतो. किती उभ्या चढाला गाडी न घासता भिडू शकते, त्या कोनाला अप्रोच अँगल म्हणतात. पाच दारांच्या जिम्नीचा हा कोन ३६ अंश आहे, थार रॉक्सचा ४१ अंशांच्या पुढे. आखूड आणि टोकांना वर कापलेला बंपर लावला तर हा कोन वाढतो. पण बाजारातले अनेक भरभक्कम बंपर मूळ बंपरपेक्षा पुढे आलेले आणि खाली लोंबणारे असतात. ते लावल्यावर कोन उलट कमी होतो. दिसायला ऑफ-रोड, प्रत्यक्षात घासणारा, असा हा प्रकार.

*गाडी ओढून काढायची जागा.* चिखलात किंवा वाळूत रुतलेली गाडी झटक्याने ओढली, की पट्ट्यावर गाडीच्या वजनाहून कितीतरी जास्त जोर येऊ शकतो. बंद पडलेली गाडी सावकाश ओढण्यासाठी दिलेला हूक आणि रुतलेली गाडी उपसण्याचा हूक या वेगळ्या गोष्टी आहेत. चांगल्या बंपरमध्ये हा हूक थेट चेसीला जोडलेला असतो आणि त्याची क्षमता छापलेली असते. नुसत्या बंपरच्या पत्र्याला वेल्ड केलेला हूक मात्र घातक. तो तुटला तर गोळीसारखा उडतो.

*विंच.* एकट्याने जंगलात जाणाऱ्याला विंच लागतो. तो प्लास्टिकच्या कव्हरवर बसत नाही, त्याला लोखंडी आधार लागतोच.

*दगडाची झीज.* वर्षात वीस-पंचवीस वेळा खडकाळ ट्रॅकवर जाणाऱ्याची प्लास्टिकची कडा दर वेळी फाटणार. त्याला लोखंडी बंपर परवडतो.

ऑस्ट्रेलियात बुल बार सर्रास दिसतात, कारण तिथे निर्मनुष्य रस्त्यावर कांगारू आडवे येतात. रेडिएटर फुटला तर मदत शेकडो किलोमीटर दूर असते. पण तिथे बुल बारसाठी एएस ४८७६ नावाचं स्वतंत्र मानक आहे. १९७५ मध्ये मेलबर्नला सुरू झालेल्या एआरबीसारख्या कंपन्या एकेका मॉडेलसाठी, एअरबॅगशी जुळणारे बार बनवतात. युरोपीय संघाने २००५ मध्येच अशा बारसाठी पादचारी चाचणी सक्तीची केली. म्हणजे तिथे ‘लावा किंवा लावू नका’ यापेक्षा ‘तपासून लावा’ असा नियम झाला. आपल्याकडे स्थानिक वर्कशॉपमध्ये बनणाऱ्या बंपरसाठी अशी तपासणी होत नाही. खरी अडचण ही आहे.

साठ किलो लावले, पण ७७ किलो वाढले

३ मिलिमीटर जाडीचा एक चौरस मीटर पोलादी पत्रा साधारण साडेतेवीस किलोचा असतो. पत्रा, पाइप, ब्रॅकेट धरून पूर्ण बंपर सहज ५०-६० किलोवर जातो. विंच लावला तर आणखी भर.

हे वजन गाडीच्या मध्यावर येत नाही. पुढच्या चाकांच्याही पुढे टांगलं जातं. तीन दारांच्या थारच्या पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर २,४५० मिलिमीटर आहे. समजा ६० किलोचा बंपर पुढच्या अ‍ॅक्सलच्या ७० सेंटिमीटर पुढे लावला. सी-सॉच्या तत्त्वाने पुढच्या चाकांवर सुमारे ७७ किलो वजन वाढतं आणि मागच्या चाकांवरचं १७ किलोंनी कमी होतं.

परिणाम? पुढचे स्प्रिंग बसतात, खड्ड्यात नाक आपटतं, ब्रेक मारल्यावर गाडी जास्त झुकते, मागची चाकं हलकी पडतात, टायर पुढून लवकर झिजतात. मग सस्पेन्शन बदलायचा सल्ला मिळतो. एका बंपरने सुरू झालेला खर्च तिथे थांबत नाही.

मुंबईच्या पावसात कोणता बरा?

पाणी साचलेल्या रस्त्यातून गाडी वेगात नेली की पाण्याच्या दाबाने प्लास्टिक बंपरच्या क्लिपा निघतात आणि नंबरप्लेट वाहून जाते, हे खरं आहे. पण त्यावर उपाय वेग कमी करणं हा आहे. लोखंडी बंपरमुळे पाण्यातून जाण्याची क्षमता वाढत नाही. ती इंजिन हवा कुठून घेतं यावर ठरते.

गंजाचाही विचार करा. देवनारच्या एका अंगाला ठाण्याची खाडी आहे, हवा दमट आणि खारी. स्वस्त बंपरवरचा रंग पहिल्या पावसाळ्यातच फुगतो. वेल्डिंगच्या जोडांवर आतून गंज चढतो, जिथे जोर सगळ्यात जास्त येतो तिथेच.

सेन्सर, दिवे, नंबरप्लेट: छोट्या वाटणाऱ्या मोठ्या गोष्टी

- जुलै २०१९ पासून नव्या कारना मागचे पार्किंग सेन्सर सक्तीचे आहेत. मागचा लोखंडी बंपर लावताना ते काढून ठेवले, तर सक्तीची सुरक्षा तुम्ही स्वतः बंद केली असा अर्थ होतो.
- थार रॉक्सच्या वरच्या मॉडेल्समध्ये अ‍ॅडास आहे. त्याचा रडार पुढे बघतो. त्याच्यासमोर लोखंड किंवा विंच आला तर आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा चुकू शकते.
- केंद्रीय मोटार वाहन नियमांच्या नियम १११ नुसार पुढे स्पॉट लाइट किंवा सर्च लाइट लावायला नोंदणी प्राधिकाऱ्याची मंजुरी लागते. बंपरबरोबर ‘फ्री’ मिळणारी लाइट बार म्हणजे दुसरी पावती.
- नंबरप्लेट विंचच्या मागे गेली किंवा वाकडी लागली, तर तो वेगळा गुन्हा.
- रेडिएटरसमोरची जाळी झाकली गेली, तर घाटात इंजिन तापू शकतं.

मग तुम्ही काय करावं?

रोज देवनार ते बीकेसी किंवा ठाणे आणि वर्षातून चार वेळा लोणावळा, असा वापर असेल तर कंपनीचा बंपर ठेवा. पैसे झीरो डेप विम्यावर आणि चांगल्या टायरवर खर्च करा. दोन्ही गोष्टी रोज उपयोगी पडतील.

पावसाळ्यात कच्च्या रस्त्यावर नेहमी जात असाल, तर कंपनीच्या अधिकृत अ‍ॅक्सेसरीजमध्ये काय मिळतं ते आधी बघा. इंजिनाखालची संरक्षक प्लेट बंपरपेक्षा जास्त कामाची. दगड बहुतेक वेळा खालूनच लागतो. गाडी उपसण्याचे हूक कुठे आहेत आणि ते किती जोर सहन करतात, हे मॅन्युअलमध्ये वाचून ठेवा. इगतपुरीला महिंद्राची ऑफ-रोड प्रशिक्षण अकादमी आहे. बंपरच्या खर्चाचा थोडा भाग तिथल्या एका दिवसावर घातलात, तर बंपर घासणंच कमी होईल.

आणि खरोखर खडकात, चिखलात, स्पर्धांत उतरणारे असाल, तर बाहेरचा बंपर तुमच्या कामाचा आहे. तो ट्रॅकसाठी ठेवा आणि शहरात मूळ बंपर लावा, हा सगळ्यात सुरक्षित मार्ग. थोडा कटकटीचा आहे, पण अशक्य नाही. म्हणून मूळ बंपर, बीम आणि क्लिपा कधीच भंगारात देऊ नका.

पैसे देण्याआधी दुकानदाराला हे विचारा

१. हा बंपर माझ्याच मॉडेलसाठी बनलाय, की ब्रॅकेट बदलून कुठेही लागतो?
२. मूळ बीम आणि चुरगळणारा भाग जागेवर राहतो का, की काढावा लागतो?
३. बंपर चेसीच्या मूळ छिद्रांतच बोल्ट होतो का? चेसीला वेल्डिंग किंवा नवं भोक करावं लागणार असेल तर तिथूनच परत फिरा.
४. वजन किती? अंदाज नको, काट्यावरचा आकडा हवा.
५. एअरबॅग असलेल्या गाडीवर याची चाचणी झाली आहे का? कागद दाखवा.
६. ओढण्याचा हूक कशाला जोडलाय आणि त्याची क्षमता किती?
७. बिलावर बंपरचं नाव, वजन आणि बसवल्याची तारीख मिळेल का?

शेवटच्या प्रश्नावर बरेच जण गडबडतात. जो माणूस आपण काय बसवलं हे बिलावर लिहायला तयार नाही, तो अपघातानंतर तुमच्या बाजूने उभा राहणार नाही.

आधीच बसवलेला असेल तर?

घाबरू नका, पण आजच बघा. पाइपची कमान बोनेटच्या उंचीपर्यंत येत असेल तर ती उतरवा. पादचाऱ्याला सगळ्यात जास्त इजा तिच्यामुळेच होते. मग मूळ बीम आत आहे का ते अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये तपासून घ्या. विमा कंपनीला ईमेलने कळवा आणि उत्तर जपून ठेवा. डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा सतत जळत असेल, तर गाडी तशीच चालवू नका.

मूळ बंपर पोटमाळ्यावर पडलेला असेल, तर तो परत बसवणं हे कोणत्याही मेकॅनिकसाठी काही तासांचं काम आहे.